रकाना

(होम आयलंड, कोकोस बेटं, एप्रिल १९८४)

कारकुनानं विचारलं, नाव?
मी तीन सांगितली.
जन्मले तेव्हा रुकियाह.
थोरली झाली तेव्हा माक सलिमाह, म्हणजे सलिमाहची आई,
आणि त्या दिवसापासून नवऱ्यानंही मला रुकियाह म्हटलं नाही.
मग सलिमाहला मुलगा झाला,
पहाटे शेजारणीनं कुंपणावरून हाक मारली ती थेट
नेक अझरुल.
आमच्यात माणूस असंच पुढं सरकतं,
मागून येणाऱ्याच्या नावानं.

भला मुलगा होता, नाक उन्हानं सोललेलं.
म्हणाला, आजी, रकाना एकच आहे.

घरी पत्र्याच्या डब्यात
जुने प्लास्टिकचे रुपये होते, तुआननं काढलेले,
तुआनच्याच दुकानात चालणारे.
दिवसाला पाचशे नारळ सोलायचा माझा नवरा,
तळहातावर सोडणाचा वास, तो अजून गेलेला नाही.
एकदा धाकटा खाडीपलीकडे गेला
आणि थंड पेयासाठी त्यानं त्यातला एक पुढं केला.
गोऱ्या माणसानं तो उलटसुलट पाहिला, हसला,
परत दिला.
पेयही दिलं, फुकट.
पोरानं ती बाटली न उघडता घरी आणली.
कितीतरी दिवस खिडकीत होती.

मताच्या कागदावर वाटा तीन.
आपलं आपण राहा.
हात धरा, पण सैल.
किंवा मिसळून जा.
मशिदीच्या ओसरीवर पाक हुस्नी म्हणाला,
होडी बांधताना फळीला फळी जोडतो,
कुठली कुणाची झाली, विचारतं का कुणी?
माझा नवरा शिडाची दोरी वळत होता.
मान वर न करता म्हणाला,
पाणी विचारतं.

बहिणीचं पत्र आलं होतं काटानिंगहून.
इथं समुद्र नाही, नुसत्या मेंढ्या.
कारखान्यात हात गारठतात.
पण पगाराच्या पाकिटावर माझं नाव असतं,
आणि ते कुठल्याही दुकानात चालतं.
हे तिनं दोनदा लिहिलं होतं.

पडद्याआड पेन्सिल दोऱ्याला बांधलेली,
दोरा जरा आखूड.
वाकून खूण केली.
काय केली, ते सगळ्या बेटाला ठाऊक आहे,
जवळजवळ सगळ्यांनी तीच केली.
बाहेर आले तर भरती चढत होती,
बदकं होती तिथंच होती.

रकान्यात मी पहिलं नाव लिहिलं होतं.
तेवढंच कुणाच्या आधीचं.

पुढं कधीतरी सरकारी पाकीट आलं.
वाटणारा पोरगा गल्लीगल्लीतून ओरडत फिरला,
रुकियाह कोण? रुकियाह कोण आहे?
बायका एकमेकींकडे बघू लागल्या.
मीही बघत होते,
मासे खारवत, कोण असेल बिचारी.

नवरा उठला.
अंगणापर्यंत आला, घसा खाकरला,
आणि चाळीस वर्षांनी त्यानं मला त्या नावानं हाक मारली,
हळू, लाजत,
दुसऱ्याच्या बायकोला मारावी तशी.