एकच तोंड

मशीनचं डोकं आत दुमडलं
आणि वर फळी पसरली
की माझं ऑफिस उघडतं.
कोपरखैरणे, बैठ्या घरांची ओळ, खोली अठरा.
अकरापर्यंत इथे ब्लाउज शिवले जातात,
अकरानंतर जीएसटी भरला जातो.
खालचं पायडल मात्र चालूच असतं.
आकडे मांडताना माझा पाय
कसलं कापड शिवतो कोण जाणे.

वाशीच्या दुकानदारानं कॉम्प्युटरचे सांगितले बत्तीस हजार,
टेबल वेगळं, खुर्चीचं तुमचं तुम्ही बघा.
मी सहा हजार आठशेचा टॅबलेट घेऊन आलो,
पिशवीत, कोथिंबिरीच्या शेजारी.
दारात कदम उभे होते. म्हणाले,
दुधाची तहान ताकावर?
म्हटलं, ताक बरं असतं या वयात.

टेकू हळदीच्या डब्याचा.
डबा भरलेला असेल तर पडदा ताठ बसतो,
महिनाअखेरीस जरा मागे रेलतो.
कीबोर्ड तुर्भ्याचा, मसाला मार्केटमधला.
वेलजीशेठनी गाळा बंद केला तेव्हा
बावीस वर्षांच्या हिशेबाबरोबर
तोही हातावर ठेवला होता.
उलटा करून झटकला
तर जिरं पडलं, मिरचीचं बी,
गंजलेली एक पिन,
आणि मी तीनदा शिंकलो.
कुंदा म्हणाली, नोकरी अजून नाकातनं गेली नाही तुमची.

माउस जोडला तसा काचेवर
एक छोटा बाण उगवला.
शर्वाणी ओरडली, बाबा, ह्याला बाण आहे!
बोटानं ढकलायच्या वस्तूत
असा बाण लपून बसलेला असतो
आणि कुणी बोलावल्याशिवाय बाहेर येत नाही,
हे मला बावन्नाव्या वर्षी कळलं.
ती तरी अजून बोटच लावते.
एकूणच्या रकान्यावर रोज संध्याकाळी
शेंगदाण्याच्या चटणीचा ठसा.

बाकी सगळं जमलं. अडतं एकाच ठिकाणी.
तोंड एकच आहे त्याला.
त्यातूनच खायचं, त्यातूनच बोलायचं.
कीबोर्ड लावला की चार्जर बाहेर,
चार्जर लावला की मी बाहेर,
ओट्यावर, शेजारच्या कुंडीत बोट घालून
माती ओली आहे का बघत.
साठ टक्क्यांत दोन गाळ्यांची बिलं होतात,
तीस टक्क्यांत बँकेचा मेळ,
दहाच्या खाली मी फक्त शून्यं तपासतो.
परवा कुंदानं विचारलं, किती वाजले,
तर तोंडातून गेलं, बेचाळीस.

काल वीस तारीख.
मेळ लागेना. चौदाशेचा फरक.
नऊ टक्के, वरून खाली.
सात टक्के, खालून वर.
चारवर सापडला:
१५२० च्या जागी १२०.
पाचाचं बटण दमलंय,
हळू दाबलं की गप्प बसतं.
गाळ्यातही तसंच होतं, मी ठोकायचो,
पाच आला की हमाल वळून बघायचे.

ठोकला पाच.
पलीकडच्या खोलीतून भिंतीवर थाप आली.
मेळ लागला. पाठवलं,
आणि पडदा विझला.
काळ्या काचेत एक माणूस होता,
चष्मा नाकाच्या शेंड्यावर,
मागे खुंटीला कुणाचातरी
बाह्या लावायचा राहिलेला निळा ब्लाउज.

वायर काढली, चार्जर खुपसला.
कुंदानं ताट वाढलं होतं.
जेवताना बोलू नका, म्हणाली,
आणि मग भात वाढता वाढता
स्वतःच विचारलं,
परत कधी फोन आला का हो वेलजीशेठचा?

तोंडात घास होता.