आधी वरचं बूच

आधी वरचं बूच सोड, दस्तगीर म्हणाला,
खालचं मागाहून.
जुनं तेल सांडून बसलास
आणि भरायचं भोकच उघडलं नाही, तर
गाडी इथंच, तू इथंच,
आणि मीही जेवायला जायचा नाही.

खानापुरात, स्टेशनच्या रस्त्यापासून जरा आत,
फणसाला टेकून उभं त्याचं पत्र्याचं गॅरेज.
पाटी कानडीत, उधारीची वही मराठीत,
शिव्या हाताला येतील त्या.

सकाळीच बेळगावहून तेल आणलं होतं मी.
दुकानदार म्हणाला, एकशेचाळीस घ्या की हो,
जाड आहे, आवाज बंद होतोय बघा.
जांबोटीच्या चढाला मागच्या हौसिंगमधून
एक रडका सूर येतो. सहा महिने ऐकतोय.
आता झोपेतही माझी जीप चढावरच असते.

दस्तगीरनं डबा फिरवून बघितला.
आवाज दाबून दात वाचत नाहीत.
कणकुंबीला डिसेंबरातल्या पहाटे
हे कुंद्यासारखं बसून राहील तळाला.
दात फिरतील सकाळी, तेल पोचेल दुपारी.
परत दे जा.
माझ्याकडं ऐंशी-नव्वद आहे. पातळ असू दे,
वेळेवर जातंय.

आणि एकच डबा सगळीकडं ओतायचा नाही.
पुढचा गोळा, मागचा गोळा, तिथं जीएल फाइव्ह.
क्राऊन आणि पिनियन नुसते भिडत नाहीत,
एकमेकांवरून घासत सरकतात;
त्या चिमटीत गंधकवालं तेलच टिकतंय.
पण मधल्या पेटीत, ट्रान्सफर केसमध्ये,
पितळ आहे रे. वॉशर, बुश.
पितळेला तो गंधक सावकाश खातो,
वरून काही दिसत नाही.
तिथं फोर. पाचापेक्षा चार कमी,
हे शाळेत.

पान्याला पाइप लावून त्यानं मागचं बूच हलवलं.
मी घमेलं धरलं.
काळं येईल म्हणून बघत होतो,
आलं ते दूध जास्त झालेल्या चहासारखं.
नीरु, दस्तगीर म्हणाला.
मग माझ्याकडं बघून: पाणी.
जसं मला कळलंच नव्हतं.

गाडी पाण्यात घातलीच नाही मी. आईशप्पत.
त्यानं बुचाच्या चुंबकावरचा करडा लेप
अंगठ्यावर चोळला, उन्हात धरला.
टोचेल असा कण नाही. दात शाबूत आहेत.
पाणी ताजं आहे, पंधरा दिवसांचं.

फणसाखाली माझा पुतण्या मष्णू
एकाएकी पाने पुसायला लागला.

एकदाच, तो म्हणाला.
मग, तीनदा.
गुडघाभरच होतं की काका.
नदीपलीकडची तीन घरं उठतायत जंगलातनं,
ट्रॅक्टरवाला नाही म्हणाला,
वासे होते, पेट्या होत्या, एक शिलाई मशीन.
भाडं घेतलं नाही, म्हणून सांगितलं नाही.

दस्तगीर गाडीखाली सरकला.
ब्रीदरची नळी तुटलीय, आतून त्याचा आवाज आला.
तापलेला गोळा थंड पाण्यात बुडला
की श्वास ओढतोय,
आणि श्वासाबरोबर बाहेर जे असेल ते.
नळी वर घेतो, बॉनेटपर्यंत.
पुढच्या खेपेला बरं.
पुढची खेप, असं मी म्हणालो नव्हतो.

डिझेलनं धुऊन त्यानं नवं तेल भरलं,
वरच्या भोकात करंगळीचं पेर भिजेपर्यंत.
मष्णू नळी दाबत होता, मी डबा तिरका धरून.
आंबूस, कुजक्या अंड्याचा तो वास
आता दोन दिवस भाकरीला येणार.

काय राहिलंय तिकडं, मी विचारलं.
कौलं, मष्णू म्हणाला. आणि एक जातं.

दोन्ही पाळ्या धरून
जातं किती जड असेल?