एक जून

मांडीवर सूप, खांद्यानं दाबून धरलेला फोन.
रजिता तिकडून सांगते, मी इकडं हूं हूं करते,
कात्री थांबत नाही.

नव्यानं शिकून बाहेर पडलेल्यांना म्हणे
कमी पगारावरही व्हिसा देतं ते सरकार.
पण वय सव्वीसच्या आत पाहिजे.
सव्वीस लागलं की पुरा आकडा,
आणि पुरा आकडा कंपनी देत नाही.
बोनस धरत नाहीत.
जादा तास धरत नाहीत.
कंपनी खोलीचं भाडं भरते, तेही धरत नाहीत.
मग धरतात तरी काय गं?
ती हसली. म्हणाली, अम्मा, तुझी छाट असते ना, तसंच.

छाट मला कळते.
ब्रँचमधला चेकर चिमटीत दाबून बघतो,
एक पोचट लागली की मूठभर बाजूला सारतो.
सारलेल्याचे पैसे नाहीत,
आणि सारलेलं परतही मिळत नाही.
म्हणून मी हजाराला पन्नास जास्तच वळून नेते.
म्हटलं, तू पण थोडं जास्तीचं ने की.
काय नेऊ, अम्मा?
ते मला सांगता आलं नाही.

मग म्हणाली, जूनमध्येच झाले सव्वीस.

कात्री थांबली.

जूनमध्ये कशी? तू तर अक्षतेच्या दिवशीची.
सिव्हिलमधल्या नर्सबाईला गड्ड्यात पाळण्यात बसायचं होतं,
घड्याळाकडं बघत मलाच ओरडत होती, आटप बाई, आटप.
थंडी होती. तुला गुंडाळायला
तुझ्या पप्पांनी कारखान्यातला दुय्यम टॉवेल आणला होता,
एका काठाला धागा सुटलेला.

जून आम्ही लिहिला.
बिराजदार गुरुजी म्हणाले, सहा पूर्ण नाहीत, पुढच्या साली आणा.
पुढच्या सालापर्यंत ही सुपात हात घालणार,
तंबाखूचे हात डोळ्यांना लावणार,
आणि माझी हजारी सहाशेवर येणार.
पप्पा रात्रपाळी करून आलेले, उभ्या उभ्या झोपत होते.
गुरुजींनी एकदा त्यांच्याकडं बघितलं, एकदा माझ्या बोटांकडं,
आणि लिहून टाकलं.
त्या वर्गात चाळीस पोरं, एकतीस एक जूनची.
आमच्या कुंभारीत त्या दिवशी
बाळंतीण नाही अशी बाईच नसावी.

म्हटलं, मी लिहून देते. अंगठा नको, सही येते मला.
कोर्टात जाते, स्टँपपेपर करते, नर्सबाईला हुडकते.
ती म्हणाली, अम्मा, पासपोर्टवर जून आहे.
डिग्रीवर जून. बँकेत जून.
एक जूनला इथं ऑफिसचा कॉम्प्युटर मला केकचं चित्र पाठवतो.
आता जानेवारी म्हटलं तर
मीच खोटी ठरेन.

दोनशे सत्तावीस दिवस होतात.
भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवून मोजले.
रोजच्या आठशेनं, खाडा न धरता,
एक लाख एक्याऐंशी हजार सहाशे बिड्या.
एवढ्या बिड्या कुणी ओढल्या असतील,
कुठल्या स्टँडवर, कुठल्या बांधावर,
आणि धूर कुठं गेला असेल.

ती म्हणते, तू मनाला लावून घेऊ नको.
तेव्हा शाळेत घातलं म्हणून तर इथवर आले.
ते खरंच आहे. ते खरं आहे म्हणूनच
दुसरं काही बोलता येत नाही.
तिच्याकडं चारलाच अंधार पडलाय म्हणे,
बाई मॅनेजर चांगली आहे, वर विचारून बघते म्हणालीय.
वर म्हणजे कुठं, ते मी विचारलं नाही.

फोन ठेवला. पानं वाळत चालली होती,
पुन्हा पाणी शिंपडलं.
आज नळाचा दिवस नाही, म्हणून बेतानंच.