बर्फाची गाडी

इसहाकभाईंनी लग्नपत्रिकेच्या पाठीमागे हिशेब मांडून दिला:
रिंग-पिस्टन, क्लच प्लेट, पुढचे दोन टायर,
आणि तळाचा पत्रा.
"वो तो आपने खुद खिला दिया बर्फ को."
एक लाख अठरा हजार. मजुरीचं नंतर बोलू.

लोहामंडीचे गोधा शेठ सत्तर देतात,
उभ्या उभ्या, रोख,
काट्यावर न चढवता.
पुष्कर म्हणतो, बाबा, यात विचार काय करायचा?
हिशेबाला पक्का आहे तो. मीच तसं शिकवलं.

वैजू म्हणते, विका नाहीतर ठेवा,
पण फरशीवरचं ते तेल आधी थांबवा.

विचार मी करतच नाहीये.
सकाळी फक्त चहाचा ग्लास बॉनेटवर ठेवतो.
तिथे बरोब्बर ग्लासाच्या बुडाएवढा खळगा आहे,
गाडी नवी असताना पहिल्याच आठवड्यात
भेरूच्या हातून पाना पडला, त्याचा.
तेव्हा मी त्याला काय काय बोललो होतो!
आता ग्लास दुसरीकडे कुठे ठेवला
तर घसरतो.

एकोणतीस उन्हाळे
पालद्याच्या कारखान्यातून पहाटे साडेतीनला निघायचो.
लाद्यांवर भुसा, भुशावर गोणपाट,
आणि गोणपाटावर भेरू, आडवा, घोरत.
सराफ्यातले कुल्फीवाले, छावणीतल्या रसवंत्या, मासळीवाला रज्जाक,
लग्नाचे मांडव, जिथे लोक बर्फाआधी
बर्फवाल्याला पाणी विचारायचे.
मिठाचं पाणी ठिबकत राहायचं.
एकदा भर चौकात पोलिसाने थांबवलं होतं:
गळतंय काय?
म्हटलं, धंदा.

आणि काही घरं अशी,
जिथे मुलगा दुबईहून यायचा असे
किंवा लेक नागपूरहून निघालेली.
तिथे आम्ही भाडं घेत नसू.
दाराशी हॉर्न वाजवत नसू.
भेरू लादी तान्ह्या पोरासारखी उचलायचा
आणि बाहेर आल्यावर बराच वेळ
हात काखेत घालून उभा राहायचा.

आता त्यांच्याकडे काचेची पेटी येते, प्लग असलेली.
रसवंत्यांनी डीप फ्रीझर घेतले.
भेरू सांवेरला नातवंडं सांभाळतो.
गाडीला पोट आहे, भूक राहिली नाही.

गेल्या गुरुवारी रात्री अडीचला फोन आला.
पाटनीपुऱ्यात अख्ख्या गल्लीची लाइट गेलेली,
पेटी बंद,
आणि मुलीचं विमान सकाळी नऊला.
चार लाद्या मिळतील का?
पुष्करची नवी गाडी उज्जैनला गेली होती.

धक्का त्यानेच दिला. खांदा लावून, चपला काढून.
तिसऱ्या धक्क्याला ती अशी खोकली
की समोरच्या घरात दिवा लागला.
मग चालवायलाही तोच बसला.

पाटनीपुऱ्याच्या त्या दाराशी
त्याने गाडी हळूच लावली,
हॉर्न दिला नाही.
मी म्हटलं, हे तर याला कुणी शिकवलं नव्हतं.
मग आठवलं, हॉर्न दिवाळीपासून बंदच आहे.

लाद्या आम्ही दोघांनी आत नेल्या.
एक म्हातारा खुर्चीवरून उठला,
पैसे विचारू लागला.
मी काही बोलायच्या आत
पुष्कर म्हणाला, राहू द्या.
बाहेर येऊन त्याने हात काखेत घातले.

येताना नवलख्याच्या सिग्नलला दुसरा गिअर पडेना.
झटापट करत होता बराच वेळ.
मग समोर बघतच म्हणाला,
नुसती क्लच प्लेट टाकली तर?
मी पत्रिका काढली. उजेड नव्हता.
नऊ हजार आठशे, म्हणालो. पाठ होतं.

गोधा शेठना काय सांगायचं?
सांग, पितृपक्षात आम्ही काही विकत नाही.
बाबा, चैत्र चालू आहे.
असू दे, म्हटलं, ते काही पंचांग उघडून बसणार नाहीत.

गिअर पडला.
मागे रिकाम्या पत्र्यावर
उरलेलं पाणी इकडून तिकडे वाहत होतं.