पत्रे

गवताचं छप्पर गेलं,
मंत्र्यांनी पत्रे दिले.
प्रत्येक पत्र्यावर आतून
निळ्या शाईत त्यांचं नाव.
झोम्बाच्या उतारावरलं आमचं चर्च
आता गळत नाही.
फक्त प्रार्थनेला डोळे
जरा जास्तच घट्ट मिटावे लागतात.

मतदानाआधीच्या रविवारी
ते पहिल्या बाकावर. चकाचक बूट.
पाळक चिसाल्यांनी नाथान संदेष्टा काढला:
गरिबाची एकुलती कोकरी,
श्रीमंताच्या घरचा पाहुणा...
आणि राजाकडे बोट रोखायची ओळ आली
तिथं त्यांना खोकला आला.
पान उलटलं. थेट दानाची थैली फिरली.

थैली एलिफा सुईणीपाशी आली, थांबली.
"बाबा," ती म्हणाली,
"त्या कोकरीचं
पुढं काय झालं?"

कुणी हललं नाही.
वर उन्हानं पत्रे
कडकड वाजत होते.