दगडावर चार अक्षरं की पाच

दुकानात शिरताना मर्नाबाईंनी बूट काढले.
म्हटलं, राहू द्या, इथं धूळच आहे सगळी,
तरी मोज्यांनीच आल्या, ग्रॅनाइटच्या भुकटीत
पावलं उमटवत.

अक्षरामागे अकरा डॉलर, मी नेहमीचं सांगितलं.
नाव : आल्फे कोर्मिये. दोन सालं.
आणि खाली?
विजेच्या बिलाच्या पाठीवर लिहून आणलं होतं :
आर, ई, एस, टी.
रेस्ट. विसाव.

या किनाऱ्यावरच्या निम्म्या इंग्रजी थडग्यांवर हेच.
हाताला इतकं सवयीचं
की छिन्नी आपली आपण वळते.
मी पावतीपुस्तक ओढलं.
बाई उठेनात.

तुम्ही फ्रेंच ना? त्यांनी विचारलं.
दोन्हीकडून, म्हटलं, आईकडून आणि बापाकडून.

मग म्हणाल्या :
टँट्रामारच्या पाणथळीत माझ्या वडिलांचं गवत.
एकसष्ट सालचा ऑगस्ट.
काप-पेलेहून कापणीला पोरं आली, त्यांत हा.
तिसऱ्याच दिवशी स्वतःची पोटरी कापून घेतली.
मी फडकं बांधलं आणि म्हटलं, रेस्ट.
पड जरा, एवढंच.
त्याला इंग्रजी येत होतं मोजून नऊ शब्द.
हा त्यांत नव्हता.
त्यानं आपल्या भाषेतला ऐकला :
थांब. जाऊ नकोस.

आणि थांबला की हो!
पोटरी भरून आली, गवत संपलं,
बाकीची पोरं ट्रकमधून ओरडत गेली,
हा आमच्या कोठारात.
वडिलांनी विचारलं, तू का रे?
माझ्याकडे बोट केलं. ही म्हणाली.

मी चूक सुधारली नाही.
सुधारली ती नंतर,
थोरला पोटात असताना.

मला हसू आलं. त्यांनाही आलं,
पण त्यांचं अर्ध्यावरच राहिलं.

फेब्रुवारीत मंक्टनच्या इस्पितळात
त्याचं इंग्रजी उतरून गेलं,
ओहोटीला चिखल उघडा पडावा तसं.
खाली आईची भाषा तेवढी राहिली.
रात्री नऊला माझं मनगट धरून म्हणाला :
रेस्ट.

मी तीन रात्रींची जागी. कानही थकतात.
मला वाटलं, माझी काळजी करतोय.
म्हटलं, हो, पडते घरी जाऊन, तूही पड.
कोट घातला. पार्किंगचे पैसे भरले.
गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडला.
आणि झोपले हो, गाढ झोपले,
तेच सलतं.
चारला फोन वाजला.

बाहेर कुणीतरी ट्रक मागे घेत होतं,
त्याचं टीं टीं संपेपर्यंत आम्ही गप्प.

कानाला दोन्ही सारखेच, मी म्हणालो.
कागदावर फरक आहे. आमच्यात शेवटी
आणखी एक ई लागते.
लिहायची, म्हणायची नाही.

माहीत आहे. त्यासाठीच बसलेय.

मग काय कोरू, बाई? विसाव, की थांब?
आणि थांब, तर कोण कुणाला म्हणतंय?
हे विचारायला नको होतं.
त्या पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिल्या,
सोडत राहिल्या.

उच्चारत नाहीत त्या अक्षराचे
पैसे मी घेत नाही, म्हटलं.
त्याचे घ्या, त्या म्हणाल्या.
हवं तर बाकीच्या चारांचे नका घेऊ.

पाचांचे घेतले. पंचावन्न.

चार अक्षरं खोल काढली, रिवाजाप्रमाणे.
पाचवं उथळ, नखभर.
भर दुपारी बघाल तर दिसत नाही,
दगड नुसता विसावलेला असतो.
ऊन खाडीवर तिरकं झालं
की सावली त्या खाचेत भरते.

बाई कोणत्या वेळी येतात, ठाऊक नाही.
फुलं बदललेली असतात, एवढं खरं.