नारंगी म्हणजे काय

जालन्यात, औद्योगिक वसाहतीच्या मागच्या गल्लीत
आमची बियाणं तपासायची प्रयोगशाळा.
ओल्या वाळूचे ट्रे, सुरळी केलेले दमट कागद,
आठव्या दिवशी मोजायचे कोंब,
आणि मोजून झाले की माझी शीट.

शीट मी रंगांवर चालवायचे.
पास तो हिरवा, नापास तो लाल,
फेरतपासणीला पिवळा.
शब्द कोण लिहीत बसणार?
कंपन्यांची माणसं गाडी चालूच ठेवून
दारातून स्क्रीनकडे बघायची
आणि कळायचं त्यांना.

मे संपता संपता नुसरत पटेल रुजू झाली, परतूरची.
एकाच कानात इअरफोन.
दुसरा कान माणसांसाठी, म्हणाली.
तिचा संगणक इतका भरभर बोलायचा
की वाटायचं पत्र्यावर कुणी हरभरे ओततंय.

पहिल्याच दिवशी मी तिला शीट दिली.
बाणाची कळ दाबत ती एकेक घर खाली उतरली,
मग इअरफोन काढला, आवाज मोठा केला,
मलाही ऐकू यावं म्हणून.
जी बारा, ब्लँक.
जी तेरा, ब्लँक.
जी चौदा, ब्लँक.
माझे तीन महिने
तो गडी एका शब्दात उरकत होता.

"ताई, इथं काहीच नाही ठेवलं का तुम्ही?"
"अगं, ठेवलंय की. रंग दिलेत."
"हौ का," ती म्हणाली. रागावली नाही.
"रंग राहू द्या मग. बाजूला एक रकाना वाढवू,
काय झालं ते त्यात लिहू."

वरचं आठ घरं जोडून केलेलं शीर्षक
मी आधी सोडवलं,
पायरी चुकावी तसा तिचा कर्सर त्यात अडकायचा.
मग प्रत्येक रकान्याला नाव दिलं,
नाहीतर नुसतंच ऐकू यायचं 'बासष्ट',
आणि बासष्ट काय?
किलो, टक्के, का पोत्यांचा आकडा?
हिरव्यापुढे 'पास' लिहीत गेले,
लालपुढे 'नापास'.
हात सुटला होता.

पिवळ्यावर थांबले.
एक पिवळा खरंच फेरतपासणीचा,
एक म्हणजे साहेबांना विचारायचं राहिलंय,
आणि एक, आता सांगायला काय,
त्या दिवशी लाईट नव्हती, ट्रे तापले,
मी कोंब मोजलेच नव्हते.
तिन्ही एकाच हळदीत बुडवलेले.
तिघांपुढे तीन वेगळी वाक्यं लिहिली.
तिसरं लिहिताना नुसरतकडे पाहिलं,
कशासाठी, कोण जाणे.

"पुढचा?"
लॉट सत्तेचाळीस. सोयाबीन.
"रंग कोणता?"
नारंगी.
"नारंगी म्हणजे काय?"

पंखा फिरत होता.
पास व्हायला सत्तर टक्के उगवण लागते.
आली होती बासष्ट.
साहेब माझ्या खुर्चीमागे उभे राहून म्हणाले होते,
"लई लाल दिसायलंय ते. जरा फिकं कर."
मी फिकं केलं.
माउसच्या दोन टिचक्या.
कुणी काही खोटं लिहिलं नव्हतं,
कुणी काही लिहिलंच नव्हतं.

नुसरतची बोटं कळफलकावर थांबलेली,
माणसांसाठीचा कान माझ्याकडे.
तिला घाई नव्हती.
तिच्या दृष्टीने तो साधाच प्रश्न होता,
यादीतला एक रंग, त्याचा अर्थ हवा होता.

मी टाइप केलं.
एंटर दाबलं तेव्हा लक्षात आलं
की सकाळपासून आवाज मोठाच राहिलाय,
आणि केबिनचं दार उघडं आहे.

लॉट सत्तेचाळीस, यंत्र म्हणालं,
हरभरे ओतावेत तसं,
उगवण बासष्ट टक्के, निकाल नापास.

आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.
"पुढचा?" नुसरत म्हणाली.